पडद्यांच्या दुकानाचा मेनू

३ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

फोन सोडून पत्र का लिहितेय म्हणशील. फोनवर तुला संगणकाचं काही विचारलं की माझ्या मागे चार शिलाई मशिनं धडधडत असतात. तू म्हणतेस ‘स्वल्पविराम द्या’, मला ऐकू येतं ‘अल्प विराम घ्या’, आणि मी खरंच चहा घ्यायला जाते. तेव्हा कागदच बरा.

लग्न ठरलं तेव्हा तू आमच्या पडद्यांच्या दुकानासाठी तो प्रोग्रॅम लिहून दिलास. खिडकीची रुंदी-उंची भरा, चुण्या किती घालायच्या ते सांगा, की कापड किती लागेल ते तो सांगतो. माझे गुणाकार सुटले, खोटं का बोलू. पण मी दर वेळी ‘एवढं एक बटण वाढव’ म्हणत गेले आणि तूही ‘बरं आई’ म्हणून वाढवत गेलीस. आता संगणकाच्या पडद्यावर इतकी बटणं झालीत की माझ्या शिवणाच्या डब्याला लाज वाटावी.

परवा आमच्या मदतनीस बाईने, जिला आपण सगळे घाई म्हणतो तिने, ‘छापा’ दाबायचं ते शेजारचं ‘पुसा’ दाबलं. हॉटेलच्या तीन मजल्यांच्या खिडक्या एका टिचकीत गेल्या. तुझे सासरे शिडी घेऊन पुन्हा मापं घ्यायला गेले. पाहुणे अंघोळ करून टॉवेल गुंडाळून बाहेर येतात तर हे खिडकीत उभे, तोंडात पेन्सिल.

बाकी सगळ्या प्रोग्रॅमना वर एक पट्टी असते ना, तिच्यावर शब्द असतात, शब्दावर टिचकी मारली की यादी खाली उतरते? मला तसा मेनू हवा. करून देशील?

चिरंजीवांना फोन केला की ‘मीटिंगमध्ये आहे’. महिना झाला, एकच मीटिंग चाललीये.

तुझी आई

१२ फेब्रुवारी

ती. आई,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र जरा फिरून का होईना, मिळालं. यापुढे माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाका. घरच्या टपालपेटीचं कुलूप बिघडलंय.

बाबांचं शिडीवरचं वाचून ऑफिसात एकटीच हसत बसले. शेजारच्याने विचारलं, बरं वाटतंय ना?

दुकानातला संगणक इंटरनेटला जोडायचा नाही असा तुमचाच हुकूम आहे, त्यामुळे मी इथून त्यात हात घालू शकत नाही. आणि सध्या मला यायला जमणार नाही. तेव्हा एक सुचवू का? तुम्हीच लिहा. घाबरू नका. जी बाई तिरक्या खिडकीला सरळ पडदा लावून देते तिला हे अवघड नाही.

मेनू म्हणजे तुमचंच काम आहे. आधी दांडा करायचा; तो म्हणजे वरची पट्टी. मग दांड्यावर पडदे अडकवायचे. त्या म्हणजे याद्या. त्याचा हुकूम ‘ॲड कॅस्केड’. मग प्रत्येक यादीत एकेक काम टाकायचं, त्याचा हुकूम ‘ॲड कमांड’. प्रत्येक कामाला दोनच गोष्टी सांगायच्या: वर काय लिहून दिसायला हवं, आणि टिचकी मारल्यावर कोणाला हाक मारायची. बटणांमागची सगळी कामं आधीच लिहिलेली आहेत, त्यांना फक्त बोलवायचं आहे.

सोबतच्या कागदावर ओळी लिहून दिल्या आहेत. पहिली यादी ‘फाइल’, दुसरी ‘एडिट’, अशी रीत आहे. जशाच्या तशा उतरवा. मोकळ्या जागासुद्धा.

मीटिंगचं म्हणाल तर तो ठीक आहे. काम फार असतं.

आपली सून

२० फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,

उतरवलं. जसंच्या तसं. मोकळ्या जागा तर मी टेप लावून मोजल्या. प्रोग्रॅम चालू केला. चुकलं म्हणून ओरडला नाही. पण मेनूसुद्धा नाही! आहे तशी बटणं, वर कोरी भिंत. तीन वेळा बंद करून उघडला. तुझे सासरे म्हणाले, “लाजत असेल. पाहुणा आहे, आत ये म्हण.” मी त्यांना कापड घडी करायला पाठवलं.

आता दुसरं. ‘फाइल’ म्हणजे काय गं? माझ्या दुकानात फाइल एकच आहे, वीजबिलांची, आणि ती खिळ्याला टांगलेली असते. घाईला म्हटलं ‘फाइलमध्ये जा’, तर ती खिळ्याकडे गेली. शब्द असा हवा की माणसाचा हात आपोआप तिकडे वळावा. मी ठरवलंय: पहिली यादी ‘गिऱ्हाईक’. दुसरी ‘खिडक्या’. तिसरी ‘कापड’. ‘छापा’ शेवटी वेगळं. रीत मोडली तर तुझा संगणक रुसेल का ते कळव.

मी रोज दुपारी दुकान जरा शांत असताना बसते. गंमत वाटते. या वयात गंमत वाटणं हीच मोठी गोष्ट.

तू येत का नाहीस? गेल्या वेळी आलात तेव्हा दोघं माझ्याशीच बोलत होतात.

तुझी आई

२७ फेब्रुवारी

ती. आई,
सा. न.

चूक माझी. तुम्ही दांडा केलात, पडदे अडकवलेत, पण दांडा भिंतीला ठोकलाच नाही. ती ओळ मी कागदाच्या मागच्या बाजूला लिहिली होती आणि ‘मागे पाहा’ लिहायचं विसरले. पट्टी तयार झाली की प्रोग्रॅमच्या मूळ खिडकीला सांगावं लागतं, ही पट्टी तुझी आहे. ते सांगितलं नाही तर मेनू असतो, सगळा असतो, फक्त कोणाला दिसत नाही.

संगणक मुळीच रुसणार नाही. ‘गिऱ्हाईक’ वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवलं. इतकी वर्षं मी लोकांसाठी मेनू लिहिते, कधी विचारलंच नाही की ‘फाइल’ म्हणजे काय. बॉसला दाखवलं. तो म्हणाला, “या बाईंना नोकरी हवी आहे का?”

‘पुसा’ मात्र यादीच्या अगदी खाली टाका आणि त्याच्या वर एक आडवी रेघ घाला, ‘ॲड सेपरेटर’. म्हणजे घाईताईंचा हात तिथे पोचेपर्यंत जरा वेळ लागेल.

आज रविवार. खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलंय तरी सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर येतं, झोप लागत नाही. म्हणून लवकर उठून हे पत्र लिहून टाकलं.

आपली सून

२४ मार्च

ती. आई,
सा. न.

बरेच दिवस तुमचं पत्र नाही. मेनू दिसला का? नसेल तर ती शेवटची ओळ पुन्हा लिहून पाठवू का? की मूळ फाइल बिघडली? बिघडली असेल तर संकोच करू नका, माझ्याकडे जुनी प्रत आहे.

तुमची आणि बाबांची तब्येत बरी आहे ना? दुकानात फोन केला तर घाईताईंनी उचलला, “बाई कापडात आहेत” म्हणाल्या आणि ठेवून दिला.

आपली सून

२ एप्रिल

चि.

‘चि.’च्या पुढे ‘सौ.’ लिहू की नको, इथे पेन अडलं, ते चहा निवेपर्यंत अडलं. तेव्हा नुसतं चि.

माझी तब्येत ठणठणीत आहे. मी रागावले होते.

तुमच्या घराला पाच खिडक्या. पाचही पडदे माझ्या हातचे. झोपायच्या खोलीचा तर दुहेरी अस्तर लावून शिवलाय, भर दुपारी दिवा लावावा लागेल असा. त्या खोलीत सकाळचं ऊन डोळ्यावर येऊन कोण जागं होईल? आणि माझ्या सुनेच्या खिडकीला वर्तमानपत्र? तुझं ते वाक्य मी यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, “ती खिडकी आपल्या मापाची नाही.”

मग मी चिरंजीवांच्या ऑफिसात फोन लावला. म्हटलं, मीटिंगमधून उठवा, आई शेवटच्या घटका मोजतेय म्हणून सांगा. फोनवर आला धावत.

“आई! काय झालं?”

“तेच मी विचारतेय. काय झालं?”

मग सगळं बाहेर आलं. तू नोव्हेंबरपासून वेगळी राहतेस. दोघांनी मिळून ठरवलंत. ‘आईला मी सांगतो, तू काही बोलू नकोस’ असं त्याने तुला बजावलं होतं, आणि मग चार महिने तो मीटिंगमध्ये जाऊन बसला.

पहिला आठवडा त्याच्यावर रागावण्यात गेला. दुसरा तुझ्यावर. टपालपेटीचं कुलूप बिघडलं म्हणे! तिसऱ्या आठवड्यात पट्टी खिडकीला ठोकली, मेनू दिसला, आणि इतका आनंद झाला की सांगायला तूच हवी होतीस, त्यामुळे राग आणखी वाढला.

त्यात ते यंत्र पिसाळलं. प्रोग्रॅम नुसता उघडला की छापखाना सुरू. कोणी ‘छापा’वर टिचकी मारलेली नाही, तरी हॉटेलची तीन मजल्यांची यादी बाहेर. आणि खरोखर ‘छापा’वर टिचकी मारली तर ढिम्म. कागदाचं अख्खं बंडल संपलं. राग धरून बसायला माणसाला निवांतपणा लागतो, तो या प्रिंटरने ठेवला नाही. म्हणून लिहितेय. यादीच्या डोक्यावर एक तुटक रेघही दिसते. घाईने तिच्यावर टिचकी मारली तर अख्खी यादी सुटून भलतीकडेच तरंगायला लागली. मोडलं का काही?

दोन्हींची उत्तरं पाठव. आणि त्या खिडकीचं माप पाठव.

तुझी
(पुढचं काय लिहायचं ते तुझ्यावर)

९ एप्रिल

नमस्कार.

तुमचं पत्र ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं. दोनदा.

आधी कामाचं. ‘छापा’ला हाक मारताना तुम्ही नावापुढे कंस लावलेत. कंस लावले की संगणक समजतो, आत्ता, याच क्षणी छाप. मेनू तयार करता करताच तो छापून मोकळा होतो, आणि टिचकीसाठी काही उरत नाही. कंस काढा, नुसतं नाव ठेवा. नुसतं नाव असलं की तो ते ध्यानात ठेवतो आणि बोलावल्यावरच जातो. प्रत्येक शिकणाऱ्याची ही चूक होते. माझीही झाली होती, तीसुद्धा नोकरीच्या पहिल्या आठवड्यात.

तुटक रेघेने काही मोडलेलं नाही. यादी सुटून वेगळी झाली तरी तिच्यातली सगळी कामं चालतात. नको असेल तर यादी करताना ‘टेअरऑफ’ शून्य लिहा.

आता दुसरं. आमचं भांडण झालंच नाही, हीच अडचण होती. एका घरात दोन भाडेकरू राहावेत तसे राहत होतो, भाडं मात्र कोणी कोणाला मागत नव्हतं. तो वाईट नाही. मीही नसावे. तुम्हाला सांगायचं ठरवून मी कितीदा पत्र सुरू केलं, आणि प्रत्येक वेळी मेनूवरच संपवलं. कुलपाचं खोटं बोलले त्याची लाज वाटते.

पडदा नको. रागावू नका. आता मी तुमच्याकडून असं काही घेणं लोकांना विचित्र दिसेल, आणि त्यालाही आवडायचं नाही. वर्तमानपत्राने भागतंय, रोजच्या बातम्याही वाचून होतात. नवा पत्ता खाली लिहिलाय, तो फक्त टपालासाठी.

आपली

१५ एप्रिल

चि.

कंस काढला. छापखाना शांत झाला. घाईने टाळ्या वाजवल्या.

तू माप पाठवणार नाहीस, हे मी यांना सांगितलं. हे म्हणाले, “पाठवलं असतं तरी चाललं नसतं. लोक काच मोजतात, चौकट मोजत नाहीत.” आणि टेप पिशवीत टाकला.

रविवारी घरी राहा.

२१ एप्रिल

नमस्कार.

बाबा आले. सकाळी दार वाजलं, उघडलं तर कानामागे पेन्सिल, हातात पिशवी. मी वाकायच्या आत म्हणाले, “खिडकी कुठंय?”

खोली एकच आहे, त्यामुळे खिडकी शोधावी लागली नाही. वर्तमानपत्र त्यांनी जपून सोलून काढलं आणि घडी करून बाजूला ठेवलं.

“शिडी?”

“शिडी नाही बाबा. स्टूल आहे.”

त्यांनी स्टूल हलवून पाहिलं. डुगडुगत होतं. आधी पुठ्ठ्याची घडी करून त्याचा पाय बसवला, मगच वर चढले. रुंदी तीन ठिकाणी घेतली. म्हणाले, वर आणि खाली फरक आहे, भिंत बांधणारा झोपेत होता.

“रंग?”

“कुठलाही चालेल.”

“कुठलाही हा रंग नसतो.”

मग मी खरं सांगितलं. हिरवा. तिकडच्या घरात सगळे फिके होते, त्याला आवडायचे म्हणून. बाबांनी ‘हिरवा’ लिहून खाली रेघ ओढली.

चहा घेताना मी बोलायला सुरुवात केली, की आमच्यात नक्की काय झालं. त्यांनी हात वर केला. “हे बघ पोरी. मी आयुष्यभर लोकांच्या घरात शिरलो. सगळं दिसतं. कोण कोणाशी बोलत नाही, कोणाची उशी बाहेरच्या खोलीत आहे. मी फक्त खिडकी लिहून आणतो.” मग बशीतली बिस्किटं संपवली आणि म्हणाले, “तुझी सासू मात्र सगळं विचारणार. तिला सांगतो, जेवते-खाते, बरी आहे. खरंय ना?”

मी हो म्हटलं. ते गेल्यावर मी स्टुलावर बसले. अजिबात डुगडुगलं नाही. तेव्हा मात्र रडू आलं.

पडद्याचे पैसे देणार आहे, नाही म्हणू नका.

आपली

३० एप्रिल

चि. पोरी,

पडदा टपालाने निघाला. पैसे दिलेस तर परत पाठवीन, मग तू परत पाठवशील, आणि टपालखातं श्रीमंत होईल. त्यापेक्षा राहू दे.

शनिवारी चिरंजीव आले. मी दुकानात संगणकापुढे होते, चष्मा नाकाच्या टोकावर.

“काय करतेस?”

“‘पुसा’ खाली नेतेय. वर आडवी रेघ घालून.”

तो मागे उभा राहून बघत बसला. “कोणी शिकवलं?”

“जिला येतं तिने.”

मग म्हणाला, “आई, अजून तिलाच विचारतेस? आता बरं दिसत नाही ते. मी दुसरा माणूस बघून देतो.”

मी खुर्ची वळवली. म्हटलं, “तू वेगळा झालास तो तुझ्या संसारातून. तो तुमचा दोघांचा मामला, मी त्यात नाक खुपसलं नाही. पण माझ्या दुकानातून तिला काढायचा अधिकार तुला कोणी दिला?”

घाईचं मशीन बंद पडलं. ऐकायला तिनेच बंद केलं.

तो स्टूल ओढून माझ्या शेजारी बसला आणि एकेक यादी उघडून पाहिली. ‘गिऱ्हाईक’ वाचून हसला. “हे तिचं नाही वाटत.” म्हटलं, माझंच आहे. मग याद्यांकडे बघतच, “बरी आहे का ती?”

“तिची खिडकी पूर्वेला आहे. बाकीचं तू विचार.”

“तिला सांगशील का, की तुला न सांगायचं ओझं मी तिच्यावर टाकायला नको होतं?”

“मी निरोप्या नाही. पाकीट-तिकीट देते, तूच लिही.”

पाकीट खिशात घालून गेला. लिहील न लिहील. मुलगा माझा असला तरी हात त्याचा आहे.

तो गेल्यावर मला वाईट वाटलं. वाळलाय. तुम्ही दोघं पुन्हा एकत्र या असं मी म्हणणार नाही, पण मनात आलं नाही असंही नाही. एवढं तुला सांगून टाकते, म्हणजे आपल्यात पुन्हा कुलपं नकोत.

आणि तुझ्या पत्रांच्या डोक्यावर ती काय खाडाखोड? ‘नमस्कार’च्या आधी काहीतरी लिहून खोडलंयस, दोन्ही पत्रांत. मी उजेडात धरून वाचलं. आधी ‘आई’ लिहून खोडलंस. मग ‘बाई’. मग नुसता नमस्कार, रस्त्यात भेटल्यासारखा. ऐक. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तू मला चाचरत आई म्हणालीस, ते त्याच्यामुळे. माझी बायको आहेस तर माझ्या आईला आई म्हण, असा हिशोब. आता तो मधे नाही. आता म्हणालीस तर ते माझ्यामुळे असेल. नाही म्हणालीस तरी मेनू शिकवायचा बाकी आहे, तेव्हा पत्र चालू ठेव.

हॉटेलवाला विचारत होता, तीन मजल्यांच्या तीन वेगळ्या याद्या होतील का? यादीवर बोट ठेवलं की बाजूने आणखी एक यादी निघते, मी पाहिलीय. ती कशी करायची? सावकाश कळव. घाई माझ्याकडे एकच आहे, तेवढी पुरे.

८ मे

ती. आई,
सा. न.

पडदा लावला. काल ऑफिसला जायला उशीर झाला, दुपार आहे की सकाळ तेच कळेना.

त्याचं पत्र आलं. छोटंसंच आहे. मीही छोटंसंच उत्तर लिहिलं. आम्ही दोघांनी एकमेकांना प्रथमच नीट काही सांगितलं, असं वाटलं. त्यापुढे काही नाही, आणि तसंच बरं आहे. तुमच्या मनात जे येतं ते येऊ द्या, मला राग नाही.

यादीतून यादी काढायला पुन्हा ‘ॲड कॅस्केड’च लागतो, पण या वेळी तो पट्टीला नाही, यादीला द्यायचा. ‘खिडक्या’ या यादीत मजल्यांच्या तीन याद्या अडकवायच्या, आणि प्रत्येकीत त्या मजल्याची कामं. एवढं लिहिलं आणि पुढचा कागद चार वेळा फाडला. हे शेजारी बसूनच दाखवावं लागेल.

शुक्रवारची रजा टाकली आहे. सकाळच्या गाडीने येते, रविवारी परत निघेन. स्टेशनवर कोणाला पाठवू नका. दुकानाचा रस्ता मला पाठ आहे.

तुमची